बॉयलरची ठेव

ताई एकतीस वर्षं बँकेत रोखपाल होत्या. निवृत्त झाल्या त्याच महिन्यात दादांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, त्यांना तरणतलावाच्या संस्थेचं खजिनदार केलं. "घरचं माणूस असलं की डोक्याला ताप नाही," ते म्हणाले. दादा अध्यक्ष होते. संस्था धर्मादाय, वर्गणी आणि देणग्यांवर चालायची. सकाळी गुडघे धरलेल्या बायका कोमट पाण्यात चालायच्या, दुपारी शाळेची मुलं पोहायला शिकायची.

पाणी तापवणारा बॉयलर आता रडतखडत चालत होता. नव्यासाठी बारा वर्षं पै-पै साठवून एक ठेव केलेली होती. दादांना मात्र वरच्या मजल्यावर व्यायामशाळा हवी होती. ठेव मोडायला दोन सह्या लागत. दादा कागद घेऊन ताईंच्या घरी आले.

"दादा, बॉयलर गेला तर?"

"सहा महिन्यांत व्यायामशाळेच्या वर्गणीतून पैसे परत टाकू. माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

ताईंनी आयुष्यात दादांना नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी सही केली.

चकचकीत यंत्रं आली, भिंतभर आरसे लागले. सभासद मात्र एकोणीस झाले, आणि त्यातले सात फुकटे, दादांच्या ओळखीचे. वीजबिलच वर्गणी खाऊन टाकायचं. वर्षभरात ठेवीत एक रुपया परत गेला नाही. ताई विचारत, दादा म्हणत, "बघू." शेवटी दादांनीच वार्षिक सभेच्या अहवालात लिहून दिलं, 'आर्थिक स्थिती समाधानकारक.'

सभेत ताई उठल्या. "स्थिती समाधानकारक नाही. बॉयलरची ठेव मोडली आहे. दोन महिन्यांचे पगार देता येतील एवढंच उरलंय."

सभागृहात कुजबुज झाली. दादा जागेवरून हललेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "मोडली, बरोबर आहे. दुसरी सही कोणाची, तेही सांग की."

"माझी," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पहिल्या रांगेत फरशीचे कारखानदार होते. संस्थेला सर्वांत मोठी देणगी त्यांचीच. आठवड्यानं त्यांचं पत्र आलं: बहीण-भावाच्या कारभारात यापुढे पैसे घालणार नाही. थंडी सुरू झाली आणि बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं आगाऊ रक्कम मागितली, ती नव्हती. तलाव रिकामा केला.

"तू गप्प बसली असतीस तर देणगी तरी आली असती," दादा म्हणाले. रात्रंदिवस तेच ताईंना खात होतं. खरं बोलून त्यांनी तलाव बुडवला होता, आणि त्याआधी गप्प बसूनही.

पोहायला शिकवणाऱ्या बाई किल्ल्या द्यायला आल्या. तेरा वर्षं त्यांनी इथंच नोकरी केली होती. थकलेला पगार ताईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून पाकिटात घालून पुढे केला. बाईंनी पाकीट घेतलं, उघडून पाहिलं नाही.

"आठ-दहा मुलांचं भय आत्ता कुठं मोडलं होतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा पाण्यात उतरतील की नाही, देव जाणे." बाई निघून गेल्या.

इमारत एका खासगी व्यायामशाळेनं भाड्यानं घेतली. सल्लागार म्हणून दादांना ठेवलं. मानधन बऱ्यापैकी होतं. सकाळी पाण्यात चालणाऱ्या बायका रस्त्यात भेटल्या की ताईंना ओळख दाखवेनाशा झाल्या. दादांना मात्र अजून नमस्कार मिळत होते.

एका रविवारी वहिनींचा फोन आला. "हे म्हणतायत, झालं गेलं सोडून द्या. जेवायला या."

ताईंना न जाण्याचं धैर्य झालं नाही. दुसरं होतंच कोण त्यांना? दादा जेवताना नव्या यंत्रांबद्दल भरभरून बोलत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आमटीत मीठ कमी आहे का गं?"

"नाही," अळणी घास गिळून ताई म्हणाल्या, "बरोबर आहे."