पहारीला विचारा

मी एक जुनी पहार आहे, मित्रांनो. सरपणाच्या खोलीचं दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवलं आहे. आता एवढंच काम उरलंय. माझी जात लोखंडाची, लाडीगोडी मला जमत नाही. जे झालं ते सरळ सांगते.

एका लोहारानं मला मोडक्या बोटीच्या आसापासून घडवलं. खालच्या टोकाला छिन्नीसारखी धार आणि वरचं टोक बोथट. ज्याच्यासाठी घडवलं तो माणूस तेव्हा तरणाबांड होता. त्यानं मला हातात तोललं, ऐरणीवर एकदा आपटलं, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाला, "बोलते चांगली."

"अरे, पहार न्यायला आलायस की बायको बघायला?" लोहार हसून म्हणाला.

पुढे सगळं गाव त्याला आबा म्हणू लागलं, म्हणून मीही आबाच म्हणते.

आमचं गाव उत्तरेकडचं, एका रुंद नदीच्या काठावरचं. गाव कसलं, एकच लांब रस्ता. त्याच्या एका टोकाला लाकूड कापायची गिरणी, दुसऱ्या टोकाला बोटीचा धक्का. मागे जंगल. जंगलातले ओंडके गिरणीत यायचे, त्यांच्या फळ्या व्हायच्या आणि फळ्या नदीपलीकडे जायच्या, कारण रेल्वेचं स्टेशन तिकडे. दवाखानाही तिकडे. पीठ, मीठ, कांदे सगळं तिकडूनच यायचं. उन्हाळ्यात बोट चाले. कडक थंडीत नदी गोठून जाई आणि तिच्या पाठीवरून फळ्यांचे ट्रॅक्टर जात. पण मधले दिवस फार वाईट. पाणी धड पाणी नाही, बर्फ धड बर्फ नाही. गिरणीच्या आवारात फळ्यांचे ढीग चढत जात, दुकानातल्या कांद्याला हात लावायची सोय उरत नसे आणि सगळं गाव नदीकडे डोळे लावून बसे.

बर्फावरची वाट कधी उघडायची ते आबा ठरवत. म्हणजे खरं तर मी.

मला दोनच शब्द येतात, मित्रांनो. बर्फ जाड असला की मी 'ठण्ण' म्हणते. खाली पोकळ असला की 'बद्द'. आबा मला घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत जायचे, पावलापावलाला आपटायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. काठावर लोक जमलेले असत. सगळीकडे 'ठण्ण' आलं की आबा परत फिरून हात वर करत. मग काय विचारता! पोरं आरोळ्या ठोकत आणि ट्रॅक्टर सुरू होत.

गिरणीचे साहेब दर साल घाई करत. "आबा, कधी उघडताय वाट?"

"मला काय विचारता? पहारीला विचारा," आबा म्हणत.

ते बोलणं इतकं पसरलं की गावात कशालाही तेच उत्तर येऊ लागलं. पोरीचं लग्न कधी? पहारीला विचारा. उधारी कधी फेडतोस? पहारीला विचारा. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार मिरवल्यासारखं वाटायचं.

हिवाळा नदीवर जायचा, पण उन्हाळ्यात आबा गिरणीत मोठ्या करवतीवर उभे राहत. ती करवत दिवसभर अशी किंचाळायची की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. आमच्या गावात सगळे तसेही ओरडूनच बोलतात. त्यामुळे आबांचे कान हळूहळू गेले ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्यांना बोलणं कळे. पाठीमागून हाक मारली तर ते वळत नसत. लोक म्हणत, "म्हातारा कानाडोळा करतो. तोरा चढलाय." आबांनी ते तसंच राहू दिलं. तोरा म्हटलेलं त्यांना चाललं, बहिरा म्हटलेलं चाललं नसतं. बहिऱ्याच्या हातात पहार कोण देणार?

काही वर्षं त्यांनी मला हातानं ऐकलं. हातमोजा काढून मला धरायचे आणि माझी थरथर तळव्यात ओळखायचे. ते जमायचंही. पण म्हातारे हात थंडीनं लाकूड होतात.

आबांचा एकुलता एक लेक गिरणीचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याची बायको गिरणीतच फळ्या निवडायची. आबांची बायको कधीच गेलेली, त्यामुळे घरात ही तिघंच. बापलेक एकमेकांची थट्टा करत आणि सून दोघांना दटावी. चांगलं घर होतं हो ते.

त्या साली थंडी उशिरा आली. नदी एकदाची गोठली, आबा मला घेऊन निघाले. पलीकडच्या काठापर्यंत मी 'ठण्ण' म्हणत गेले. परत येताना ओढा जिथे नदीला मिळतो तिथे त्यांनी मला आपटलं आणि मी 'बद्द' म्हणाले.

आबा थांबले. हातमोजा काढला, पुन्हा आपटलं. मी पुन्हा जीव तोडून म्हणाले, 'बद्द!' त्यांच्या तळव्यात काहीच पोचलं नाही. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी मान तिरकी केली, नेहमीसारखी. काठावर सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. लेक ट्रॅक्टरवर बसून ओरडत होता, "आबा, काय म्हणते पहार?"

आबांना त्याचे ओठ दिसले. हसणारा चेहरा दिसला. मग त्यांनी हात वर केला.

पहिला ट्रॅक्टर त्यांच्या लेकाचाच होता. ओढ्याच्या तोंडाशी बर्फ फुटला आणि ट्रॅक्टर, फळ्या, लेक, सगळं खाली गेलं. फळ्या तेवढ्या वर आल्या. आबा मला घेऊन धावले आणि त्या भोकाच्या कडा फोडत राहिले, लोकांनी ओढून नेईपर्यंत. नदीनं पोरगं उन्हाळ्यात परत दिलं.

गाव म्हणालं, "म्हाताऱ्यानं गिरणीवाल्यांचं ऐकलं. त्यांच्या घाईपायी पोटच्या पोराचा घास दिला." अहो, ऐकलं म्हणून नाही हो बुडालं! ऐकू आलं नाही म्हणून बुडालं! पण हे सांगणार कोण? आबा एवढंच म्हणाले, "चूक माझी." कशी चूक, ते त्यांनी सांगितलं नाही. लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि कुणी बोलतच नाही म्हटल्यावर ते बहिरे आहेत हे कळायचा शेवटचा रस्ताही बंद झाला.

सुनेनं घर सोडलं नाही. सासऱ्याचं ताट वाढायची, शेगडीत लाकडं सारायची, कपडे धुवायची. पण एक अक्षर बोलायची नाही. आबा जेवताना तिच्या ओठांकडे बघत बसत. ते कायम मिटलेले असत.

मग वरच्या अंगाला पूल झाला. बर्फावरची वाट संपली, बोट धक्क्यावर उलटी पडली. मी अंगणात आले. पिंपातलं पाणी गोठलं की आबा माझ्यानं ते फोडायचे.

अशाच एका सकाळी ते दाराकडे पाठ करून पिंप फोडत होते. सून बाहेर आली. हातात धुण्याची बादली होती, ती तिनं खाली ठेवली. तोंडावर बोलायचा धीर नसावा तिला, म्हणून ती त्यांच्या पाठीशीच उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "माझा राग गेलाय. कधीचाच गेलाय. मला आता सोसवत नाही असं गप्प राहणं. तुम्ही फक्त एकदा वळून बघा. बाकी काही नको."

आबा पिंपावर मला आपटत राहिले. मी सगळं ऐकलं. 'ठण्ण' म्हणाले, 'ठण्ण' म्हणाले, दुसरं काय म्हणणार? ती बराच वेळ उभी होती. गालावरचं पाणी तिनं पुसलंही नाही.

"बरं," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

बर्फ वितळल्यावर ती पलीकडे तिच्या बहिणीकडे कायमची राहायला गेली. आबा तिची पेटी घेऊन पुलापर्यंत गेले. अंगणातून मला दोघं दिसत होती. पुलापाशी ती त्यांच्यासमोर उभी राहिली, अगदी तोंडासमोर. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. पण जे बोलायचं ते ती बोलून चुकली होती. ती खाली वाकून पाया पडली आणि निघून गेली. तिला वाटतं, आबांना तिची माफी नको होती. आबांना वाटतं, ती राग घेऊनच गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा. मला काही नको. गंजले तर गंजले. तुम्ही फक्त एवढं करा. माफ केलंत ना कुणाला, तर पाठीमागून सांगू नका. पुढे जा, तोंडासमोर उभे राहा आणि मोठ्यानं सांगा. उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगा. आणि तुम्हाला ऐकू येईनासं झालं, तर लाजू नका रे. 'मला ऐकू येत नाही' एवढं एकच वाक्य आबांनी म्हटलं असतं, तर आज त्या घरात तिघं जेवली असती.

नदी गोठली की आबा अजून मला घेऊन काठावर जातात. आता त्यांना कुणी विचारत नाही. ते मला आपटतात आणि मान तिरकी करून उभे राहतात. मी ओरडते, आबा, तिचा राग गेलाय हो, कधीचाच गेलाय! पण बाहेर येतं ते 'ठण्ण'. आणि तेही त्यांना ऐकू येत नाही.