ओदालिस मावशीची देशी वही

आमच्या हवानात मोबाइलवर दोन प्रकारचा डेटा मिळतो. बाहेरच्या साइटींचा चार दिवसांत उडतो, देशातल्या साइटींचा मेला महिनाभर लोळत पडतो. म्हणून बाहेरचा संपला, की माझी ओदालिस मावशी एकेक साइट उघडून बघते. उघडली तर ती देशातली, लगेच वहीत लिहायची. सगळी गल्ली ती वही बघायला येते.

काल शेजारची निउर्का आली. "मावशी, पोरीला पंधरावं लागतंय, म्हणजे लग्नासारखा थाट करायला हवा. मोठा केक करायचाय, पण कृती बघायला बाहेरचा डेटा नाही."

"मग रडतेस काय? ही घे, स्वयंपाकाची साइट. अस्सल देशी!"

निउर्का हरखली. "बघा! आपल्या देशात काय मिळत नाही?"

मग ती मोठ्याने वाचायला लागली. "बारा अंडी. अर्धा किलो लोणी. एक लिटर दूध..." आवाज बारीक होत गेला.

मला हसू आवरेना. मावशीने वही मिटली.

"कृती देशातली आहे, बाई. सामान इथल्या दुकानांत कुठलं मिळायला? ते तुझ्या मायामीतल्या भावाकडे माग."

"मागते की," निउर्का म्हणाली, "पण त्याला मेसेज करायला बाहेरचा डेटा लागतो!"