मलिद्याला दहावा

दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय मलिद्याचा विधी होत नाही, हा बेने इस्रायल घराण्यांतला नियम अवीवाला दुधाच्या दातांपासून ठाऊक होता. एझ्रामामाच्या खडकीतल्या नव्या घरी रविवारी नऊजण नक्की होते. दहावे आजोबा. आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी येणार नाही." कारण मामा तिथे अनिरुद्धबरोबर संसार मांडणार होता, आणि पुरुषानं पुरुषाशी निजू नये हे तोरा ग्रंथातलं वाक्य आजोबांना तोंडपाठ होतं.

शनिवारी दुपारी रास्ता पेठेत अवीवा ग्रंथ उघडून आजोबांपुढे बसली. ऊन इतकं दाट होतं की अक्षरं मधात पडल्यासारखी पोहत होती.

"आजोबा, बंडखोर मुलाला गावानं दगडांनी मारावं, हेही लिहिलंय ना? मग किती मारले?"

आजोबा खुलले. हा त्यांचा आवडता धडा. "एकही नाही. जुन्या पंडितांनी अटींवर अटी घातल्या. आईबापांचा आवाज सारखा हवा, उंची सारखी हवी. असा मुलगा कधी झाला नाही, होणारही नाही, म्हणाले."

"मग लिहिलं कशाला?"

"अभ्यासाला."

"म्हणजे त्यांना वाक्यही ठेवायचं होतं आणि मुलगाही."

"हुशार आहेस."

"मग तुमच्या मुलाच्या वेळी अटी कुठे गेल्या?"

आजोबांनी चष्मा काढला. "आगाऊपणाला मात्र काही अट नाही."

ग्रंथाशेजारीच तिचा डोळा लागला. स्वप्नात, ज्यांच्या नावानं मलिदा करतात ते प्रेषित एलियाहू हन्नाबी स्वारगेटच्या सिग्नलला रथ थांबवून खडकीचा रस्ता विचारत होते. मागे आजोबा बसले होते, तोंड फुगवून.

रविवारी ताटात गोड पोहे, खोबरं, फळं, वर गुलाब. साडेअकरा झाले. नऊ टोप्या, एक रिकामी खुर्ची. अनिरुद्ध गुलाब उगाच सरळ करत होता. "फळं तरी कापू या," मामा हळूच म्हणाला.

बेल वाजली. दारात आजोबा, पांढरी टोपी घालून.

"वाक्य जिथल्या तिथे आहे," ते मामाला म्हणाले. "अटी शोधतोय. माझ्या वयात वेळ लागतो." मग अनिरुद्धकडे वळले. "अहो, हातावर जरा पाणी घालता का?"

अनिरुद्धनं तांब्या आणला. हातावर पाणी घातलं.

"पोहे सुकले असतील," म्हणत आजोबा दहाव्या खुर्चीवर बसले.