पाचव्या कलमातलं नाव

"एका कामाला एकच तोंड, पोरी. तोंडं दोन झाली, की कामाचा बाजार झालाच म्हणून समज."

मॉरीनचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. होबार्टमधल्या तिच्या छापखान्यात मी मजकूर मांडायला शिकत होते, तेव्हा यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून ती हे म्हणायची. छापखाना गेला, मॉरीनही गेली. मी कागदावरून पडद्यावर आले, वेबसाइट बांधू लागले. तिचं वाक्य मात्र माझ्या करारात पाचवं कलम होऊन बसलं: गिऱ्हाइकाच्या बाजूनं मंजुरी देणारं माणूस एकच असेल, आणि वेबसाइट सुरू झाल्यावर पुढली दोन वर्षंही तेच माणूस माझ्याशी बोलेल. त्याखाली नावापुरती कोरी जागा.

त्या जागेवर आजवर कुणी अडलं नव्हतं. लोक अडतात ते फोटोंच्या हक्कावर, नाहीतर बदल किती वेळा करून मिळतील त्यावर. थर्लो बहीणभाऊ मात्र नेमके इथंच अडले.

खाडीच्या काठी त्यांची कालवांची, म्हणजे शिंपल्यातल्या ऑयस्टरची, शेती. बाप गेल्यापासून ग्लेनिसनं एकटीनं सांभाळलेली. धाकटा डंकन पश्चिमेकडच्या खाणीत होता, तो परत येऊन थोडीच वर्षं झाली होती. होबार्टची हॉटेलं आता फोन उचलायचा कंटाळा करत होती, त्यांना मागणी वेबसाइटवर नोंदवायची होती. डिसेंबरात लागणाऱ्या उन्हाळ्याच्या आत ती सुरू झाली नाही, तर सगळी हॉटेलं पलीकडच्या खाडीतल्या मोठ्या शेतीकडं वळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी करार परत आला तो सह्या जागच्या जागी आणि पाचवं कलम रिकामं. मी पुन्हा पाठवला, पुन्हा तसाच आला. नावाशिवाय मी रेघसुद्धा ओढत नाही. शेवटी गाडी काढली.

पोचले तेव्हा भर दुपारची ओहोटी होती. पाणी उतरलं होतं, खांब उघडे पडले होते, दोऱ्यांना टांगलेल्या टोपल्या उन्हात ठिबकत होत्या. शेडमध्ये दोघं कालवं निवडत उभी. मोठी इकडं, मधली तिकडं, लहान पुन्हा पाण्यात. पाणी येतं, पाणी जातं, ग्लेनिसचे हात काही थांबत नाहीत.

"आली बघ कलमवाली!" डंकन ओरडला. "ये नेरिडा, किटली गरम आहे."

"चहा नंतर. आधी नाव."

"त्याचं घाल," ग्लेनिस मान वर न करता म्हणाली.

"माझं? अगं, मागं शेडला निळा रंग दिला, तर मी गावाला गेलो तेवढ्यात तू हिरवा फासलास! माझ्या मंजुरीला इथं कुत्रं विचारत नाही."

"तो निळा होता? तो बघून कालवांनी तोंडं उघडली नसती पुन्हा."

मला हसू आलं. डंकनला नाही आलं.

"मग तुझं घाल ना! शेवटचा शब्द तुझाच असतो इथं."

"नेरिडा," ग्लेनिस माझ्याकडं वळली, "ते दोन वर्षांचं तेवढं काढ. मंजुरीपुरतं घालते माझं नाव."

"तेच नाही काढता यायचं, ग्लेनिस. मोठा पाऊस झाला की घाण पाणी उतरतं, खाडीतली काढणी बंद होते, विक्री तासाभरात थांबवावी लागते. तेव्हा मी कुणाला विचारू?"

"नंतरचं नंतर बघू."

"नंतरचं बघायलाच तर ते कलम आहे."

"तुला त्या दोन वर्षांचं एवढं काय गं?" डंकननं हातातलं कालव टोपलीत आपटलं. "कुठं जाणार आहेस तू? दात दुखला तरी खाडी सोडत नाहीस!"

ग्लेनिसचे हात थांबले. मी आल्यापासून ते थांबलेले पहिल्यांदाच पाहिले.

मी म्हटलं, "नाव नसेल तर मला दुसऱ्याचं काम हातात घ्यावं लागेल. मग तुमचं थेट उन्हाळ्यानंतर."

"झालं! गेली हॉटेलं!" डंकनचा आवाज फाटला. "सरळ सांग ना, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. मी येऊन सगळं बुडवीन असं वाटतं ना तुला? माझं नाव घातलं तरी मागून तूच सगळं बदलणार. बोल की!"

ग्लेनिसनं एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. हात पांढरेफटक पडले होते, पाण्यात फार वेळ राहिलेल्या लाकडासारखे. ते तिनं एप्रनला पुसले, पुन्हा पुसले.

"विश्वास नसता, तर तू यायची वाट बघत राहिले असते होय रे?"

"कसली वाट?"

ती बाहेर बघत होती. मी बाहेर जावं की काय, असं मला वाटलं, पण दारापर्यंतची वाट त्या दोघांच्या मधून होती.

"तुझं नाव घाल, डंकन. शेडही निळी कर. नाताळ झाला की मी चाललेय. लॉन्सेस्टनला खोली बघून ठेवलीय, जिथं समुद्राचा वास येत नाही अशी. मला इथं राहायचं नव्हतं, कधीच नव्हतं. बाबांना सांगायचं राहून गेलं. आणि तू परत आलास तो एवढा खूश होऊन आलास, की तुलाही सांगायचा धीर झाला नाही."