खिडकीतला वेगळा कप

मी एक जुना, कान तुटलेला कप आहे. हसू नका मित्रांनो, मलाही तरुणपण होतं! लखनौच्या चिनहटमध्ये भट्टीत भाजून निघालो, अंगावर निळी वेल मिरवत भावंडांसह जानकीपुरमला हेमाताईंच्या घरी आलो. माणसं मूळची साताऱ्याची. यजमान शशिकांतराव इथे शास्त्रज्ञ. पाहुणे आले की आम्हीच पुढे. "काय सुरेख कप हो!" असं कुणी म्हटलं की मी नुसता फुलून जायचो.

मग एकदा नळावर आपटलो आणि माझा कान गेला. आता कचऱ्यात जाणार म्हणून मी धसकलो. पण हेमाताई म्हणाल्या, "राहू दे, फूलमतीला होईल." फूलमती म्हणजे भांडी घासणारी बाई. सगळ्यांचे कप तिनं घासायचे, चहा मात्र माझ्यातच प्यायचा. भावंडं कपाटात राहिली, मी मागच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी. आधी रुसलो. पण खरं सांगू? थंडीनं फुटलेल्या हातांनी ती मला धरायची, तसं मायेनं मला कुणीच धरलं नव्हतं. फार आवडायची ती मला.

खिडकीत बसलं की सगळं कानावर येतं. घरकाम करणाऱ्या बाया रविवारी कामं आटोपून पार्कात जमू लागल्या होत्या. आठवड्याची सुट्टी हवी, ही मागणी होतीच. पण बोलता बोलता कळलं, प्रत्येकीचा एक वेगळा कप कुठल्यातरी खिडकीत आहे. आधी त्या हसल्या, मग चिडल्या. ठरलं, आता त्यात चहा घ्यायचा नाही. फूलमती हे शेजारच्या कामवालीला सांगत होती.

सोमवारी हेमाताईंनी माझ्यात चहा ओतला. फूलमतीनं हात पुढे केला नाही.

"भाभीजी, अब इसमें नहीं पिएँगे. जिसमें सब पीते हैं, उसमें दीजिए."

"अगं, हमारे यहाँ भेदभाव नहीं है हं! इसमें चाय ज़्यादा आती है, इसलिए!"

"तो आप इसमें ले लीजिए."

आवाज शांत होता. पण या कामावर तिचं घर चालायचं. हेमाताईंचा पारा चढला. "कल से मत आना!"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पण वरच्या मजल्यावरची आली नाही, समोरची आली नाही, अख्ख्या गल्लीतली एकही आली नाही! एकीला काढलं तर कुणीच जायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग साचला आणि हेमाताईंची चिडचिड वाढली. "आम्ही कधी वाईट वागलो का तिच्याशी?"

त्यांची लेक नेत्रा उठली. तिनं माझ्यात चहा ओतला आणि मला आईपुढे ठेवलं. "आई, तुम पी के दिखाओ ना."

हेमाताईंनी मला ओठांपर्यंत नेलं. माझी कड टवकलेली, आत डाग, अंगाला फिनेलचा वास. त्यांनी मला खाली ठेवलं. "नको गं, किळस येते," तोंडून निघून गेलं. संध्याकाळी स्वतः फूलमतीला बोलवायला गेल्या.

सुट्टीचं भांडण अजून चालूच आहे. पण फूलमती परत आली, आणि माझ्या धाकट्या भावातून चहा प्यायली, टेबलाशी बसून. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? रडूही आलं, आणि आनंदही झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल फेकून द्या. फक्त माझ्या जागी दुसरा कप ठेवू नका.