एकशे सहाच्या खाली

रस्ता बंद राहिला, माणसे वाचली आणि मी जळून गेले. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे धरून चालू. मी एक जुनी काठी आहे आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे.

माझा जन्म सुताराच्या रंध्याखाली झाला. मला भट्टीत पूर्ण वाळवले, तासून माझे वजन बरोबर शंभर ग्रॅम केले आणि जंगलातल्या चौकीबाहेर दोन खिळ्यांवर आडवे ठेवले. काम एकच: पडून राहणे. हवेत ओल असली की मी ती पिते आणि जड होते. हवा कोरडी पडली की हलकी होते. चौकीची रक्षक, म्हणजे ताई, रोज दुपारी दोनला मला तोलते आणि आकडा वहीत लिहिते. मी एकशे सहाच्या खाली गेले, की जंगल एका ठिणगीचीच वाट बघते आहे असे समजायचे. मग शेकोट्या बंद आणि जंगलात जाणारा रस्ताही बंद. नुसते पडून राहून एवढा वचक बसवणारे आणखी कुणी असेल तर कळवावे.

नियमाप्रमाणे दर वर्षी नवी काठी यायची असते. माझ्या बदलीचा कागद अकरा वर्षे प्रवासात आहे.

सुरुवातीला मी एकशे सहाच्या खाली जायची ती पावसाआधीचे आठ-दहा दिवस. दुपारी सुकले तरी रात्री गारवा यायचा, दव पडायचे आणि पहाटेपर्यंत मी टम्म. मग उन्हाळे लांबले, रात्रीही तापू लागल्या. आता मी दोन-दोन महिने खालीच असते. वही खोटे बोलत नाही. तिला तेवढी कल्पनाशक्ती नाही. पलीकडच्या डोंगरावर पूर्वी वणवा लागला तर गवत जळायचे, झाडे उरायची. गेल्या खेपेला झाडे गेली आणि त्यांच्यामागोमाग झराही आटला.

ताईच्या धाकट्या भावाने जंगलात वीस तंबू टाकले होते. तीन वर्षे त्यांत मुंग्यांखेरीज कुणी मुक्कामाला आले नाही. यंदा लांब सुटी आली आणि चाळीस पाहुण्यांनी सगळे तंबू धरले. आदल्या दिवशी मी एकशे सात भरले होते. धाकट्याने ते वहीत पाहिले आणि पाहुणे यायच्या दिवशी दीड वाजता झारी आणून मला सचैल स्नान घातले.

दोनला ताईने तोलले. एकशे एकवीस. तिने काट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

“काठीला आंघोळ कुणी घातली?”

“मी कशाला घालू?”

“सत्तर दिवस पाऊस नाही आणि हिच्याखाली चिखल.”

ताईने मला परत खिळ्यांवर ठेवले, स्टूल ओढले आणि समोर बसली. धाकटाही पायरीवर बसला. अडीचला मी एकशे तेरा. तीनला एकशे सात.

“झालं, सातवर थांबली,” धाकटा म्हणाला. “आणि खाली गेली तरी काय? जुनी झाली ती. म्हातारपणी वजन घटतंच. आत्याचं नाही घटलं?”

“आत्याला मी दर वर्षी भट्टीत वाळवून तोलत नाही. हिला तोलते. शंभराला जेवढी कमी भरते तेवढ्या वजनाची तार हिच्यावर गुंडाळते.”

मित्रांनो, काठीला तोंड नसते, मूठ आवळता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. बंड करायचे तर एकच मार्ग उरतो: वाळणे. मी वाळले. जीव तोडून वाळले. साडेतीनला एकशे चार.

“ताई, तंबू पहिल्यांदा भरलेत.”

“म्हणूनच,” ताई म्हणाली आणि फाटक लावायला निघाली.

पाहुणे अर्ध्या वाटेवरून शिव्या देत परतले. धाकट्याने बोलणे टाकले.

तिसऱ्या दिवशी आभाळ गडगडले, वीज पडली, पाण्याचा थेंब मात्र नाही. वाऱ्याने आग चढावर ढकलली. वीस मिनिटांत वीसही तंबू गेले. आग चौकीकडे वळली तेव्हा सगळे खाली पळत होते आणि धाकटा एकटा जीप घेऊन वर येत होता. ताई वही काखोटीला मारून बाहेर आली. मला घ्यायला वळली, तेव्हा त्याने तिचा दंड धरून तिला गाडीत कोंबले. बरोबरच केले त्याने. पुढचे आपण बोलायचे नाही असे ठरले आहे.

महिन्याभराने वरच्या कार्यालयाचे पत्र आले. रस्ता फार दिवस बंद राहतो, सबब मर्यादा एकशे सहावरून एकशे एकवर आणण्याचे योजिले आहे. धाकट्याने ते दोनदा वाचले. मग मला पाणी पाजणाऱ्या त्याच हाताने कोरा कागद पुढे ओढला. मजकूर माझा आहे, सही त्याची.

मित्रांनो, मला भिजवणे सोपे आहे. जंगल भिजवायला झारी पुरत नाही. म्हणून हा अर्ज.

‘विषय: मर्यादा खाली न आणणेबाबत. महोदय, काठी हलकी होते यात काठीचा दोष नाही. तरी मर्यादा एकशे सहाच ठेवावी. काही खाली आणणे कार्यालयास अत्यावश्यकच वाटत असल्यास प्रथम हवेचे तापमान खाली आणावे, आणि तसे केल्याचा दाखला, हवेची सही घेऊन, तीन प्रतींत या अर्जास जोडावा, ही विनंती.’