मागच्या जिन्याच्या पायऱ्या

कर्नल थॅचर यांचं अडीचशे वर्षांचं घर पाहायला पाहुणे आले, की घर दाखवणाऱ्या लव्हेलबाईंचं बोलणं ठरलेलं. आधी दिवाणखान्यातलं मेज. "स्वातंत्र्याचं पत्रक कर्नलांनी इथं बसून लिहिलं." मग स्वयंपाकघरामागचा अरुंद जिना आणि त्याच्या झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या. "देशाचा विचार करत कर्नल इथंच चढउतार करायचे." बावीस वर्षं हेच चाललं होतं. लोकही माना डोलवायचे.

यंदा चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्याआधी त्या पायऱ्या काढून नव्या बसवायचं घराची देखभाल करणाऱ्या समितीनं ठरवलं. कुणी घसरून पडलं तर नसती आफत! सुतार सायरस पेल हत्यारं घेऊन आला, वाकून बघितलं आणि तसाच उभा राहिला.

"बाई, हा जिना जातो कुठं?"

"माळ्यावर."

"तिथं कोण निजायचं?"

"नोकर."

"पगारी?"

कर्नलांचं मृत्युपत्र लव्हेलबाईंनी वाचलेलं होतं. त्यातली ओळ त्यांच्या तोंडून निघाली, "'दासी जुनो माझ्या मुलीला द्यावी.'" नोकर कुणी कुणाला देतं का?

"वर माळा, खाली चूल," सायरस म्हणाला. "कर्नलसाहेब काय स्वतः बादल्या वाहत होते?"

"खोचक बोलू नका. त्यांनी स्वातंत्र्यासाठी घरदार पणाला लावलं."

"लावलं ना, कोण नाही म्हणतं? पण ते लिहिताना मेणबत्ती कुणी लावली, तेही सांगा की. माझे काळे पूर्वज अशाच माळ्यांवर निजले, बाई. जुनोच्या नावाचा कबरीवरचा साधा दगड नाही कुठं. एवढ्या पायऱ्या उरल्यात, त्याही मीच उपटू?"

लव्हेलबाई पायरीवर बसल्या. "बावीस वर्षं तिची पावलं मी कर्नलांच्या नावावर खपवली हो," त्या म्हणाल्या.

पायऱ्या राहिल्या. सायरसनं धरायला भक्कम कठडा तेवढा ठोकून दिला. चार जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा पुढच्या दारात वाचायची रीत, पण लव्हेलबाई सगळ्यांना मागच्या जिन्यापाशी घेऊन गेल्या. समितीचे अध्यक्ष कुरकुरले, "सणाच्या दिवशी हे कशाला?"

"सणाच्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "या पायऱ्या जुनोनं झिजवल्या. ती या घरात गुलाम होती."

मग त्यांनी कागद उघडला. 'सर्व माणसं समान जन्मतात' एवढं वाचून त्यांनी तो सायरसच्या हाती दिला आणि पुढचं वाक्य सायरसनं वाचलं.

मंडळी, थोरांचं थोरपण जरूर सांगा. पण त्यांच्या घरात पाणी कुणी भरलं, हे विचारल्याशिवाय सांगू नका.